डोळ्यांत धूर गेला असेल
(सदर : सिस्टरला विचारा)

या महिन्यात पत्रं चारच निवडली, कारण दुसऱ्या पत्राने जागा खाल्ली. पहिलं पत्र अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. त्या बाईंना मी पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी फोन लावला. तरी छापते आहे, कारण प्रत्येकीला फोन करणं मला जमायचं नाही.

प्रश्न : सुनेला बाळंत होऊन नऊ दिवस झाले. नॉर्मल झाली, मुलगा आहे. परवापासून डोकं फुटतंय म्हणते. पायावर सूज आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शेजारणी म्हणतात दृष्ट लागली, कुणी म्हणतं वारं शिरलं. डोक्याला फडकं आवळून बांधलं, ओव्याची धुरी दिली. आणखी काय करावं?
– एक सासूबाई, यावल तालुका

उत्तर : गाडी बोलवा. 108 लावा, नाहीतर गावातली कुणाची तरी चारचाकी काढा, पण आज रात्रीच न्या. दृष्ट काढायचीच असेल तर गाडी येईपर्यंत काढा, मी अडवणार नाही.

बाळ बाहेर आलं म्हणजे धोका संपला, हा समज घराघरात आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं, आणि जिचं नऊ महिने बरोबर होतं तिचंही चढतं. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला की डॉक्टरला दाखवायचं. 160 किंवा 110 दिसला तर मिनिटंसुद्धा मोजायची. डोकं दुखणं, अंधारी, काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ, धाप, ही झटके येण्याआधीची हाक असते. दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या पहिलं वाक्य हे बोला : 'बाळंत होऊन नऊ दिवस झालेत.' नुसतं 'डोकं दुखतं' म्हणालात तर गोळी देऊन परत पाठवतील. सरकारी रुग्णालयात औषध, तपासण्या, रक्त, गाडी, कशाचेच पैसे लागत नाहीत. 2011 पासून तशी योजनाच आहे.

(फोनवर सासूबाई 'काय करू वं माय' एवढंच म्हणत होत्या. पण नेलं. वरचा आकडा 170 च्या पुढे निघाला. चार दिवस ठेवून घेतलं, आता घरी आहे.)

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते, तिला सहावा महिना आहे. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीणही गरोदर आहे. ती तिकडचीच, काळी, मुलीपेक्षा मोठ्या हुद्द्यावर. प्रत्येक तपासणीला ती पैसे मोजून एक बाई सोबत नेते, तिला 'डूला' म्हणतात. डॉक्टरसमोर आपलं शिक्षणही मुद्दाम बोलण्यात आणते. मुलीने कारण विचारलं तर म्हणाली, 'मला बाळाला घेऊन जिवंत घरी यायचंय.' मला तर हे अतीच वाटलं. एवढा श्रीमंत देश, एवढाली हॉस्पिटलं! माझी तिन्ही बाळंतपणं इथे भुसावळला झाली, मी तर कधी घाबरले नाही. हे खरं असतं का? आणि माझी मुलगीही सावळीच आहे, तर तिलाही धोका आहे का?
– एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, ती मैत्रीण अती करत नाही. तिला तिच्या देशाचा आकडा पाठ आहे, एवढंच.

2023 साली अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे गोऱ्या आयांपैकी 14.5 जणी दगावल्या आणि काळ्या आयांपैकी 50.3. जवळपास साडेतीनपट. त्याआधी 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात, काळ्या बायकांचा आकडा 69.9 वर गेला होता. आपल्या महाराष्ट्राचा 2018 ते 20 चा आकडा लाखाला 33 होता. मोजायची रीत दोन्हीकडे वेगळी आहे, म्हणून दोन्ही आकडे एका तराजूत घालू नका. पण 'श्रीमंत देश' म्हणताना जरा अडखळायला हरकत नाही.

यावर लोक पटकन म्हणतात, गरीब असतील, शिकलेल्या नसतील. मीही तेच धरून चालले होते. तिकडच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2019 मध्ये हिशोब मांडला : कॉलेज शिकलेल्या काळ्या बाईला बाळंतपणाशी निगडित कारणाने मरण येण्याचा धोका तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बाईच्या पाचपटीहून जास्त. शिक्षणाने फरक मिटायला हवा होता, तो तिथे उलट रुंदावला. शॅलन अर्विंग ही त्याच संस्थेत साथरोगतज्ज्ञ होती, पीएचडी झालेली. विषमतेने माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो हाच तिचा अभ्यास. बाळंत झाल्यावर पायाला सूज, डोकेदुखी, वाढतं बीपी घेऊन ती पुन्हा पुन्हा दाखवायला गेली. शेवटच्या वेळी गोळ्या देऊन घरी पाठवली आणि काही तासांत ती कोसळली. जानेवारी 2017. मुलगी तीन आठवड्यांची होती. वरचं यावलचं पत्र पुन्हा वाचा, लक्षणं तीच आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरात टेनिसवाल्या सेरेना विल्यम्सचं सिझेरियन झालं. फुप्फुसात गुठळी होण्याचा त्रास तिला आधी झालेला होता, म्हणून धाप लागताच तिने ओळखलं. धापा टाकतच नर्सला सांगितलं, माझा सीटी स्कॅन करा आणि हेपरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारं औषध, सुरू करा. नर्सला वाटलं, दुखणं थांबवायच्या औषधाने बाई बरळतेय. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली, तिच्यात काही निघालं नाही. मग एकदाचा सीटी केला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगातली सर्वांत नावाजलेली खेळाडू, होणारा नवरा कोट्यधीश, रोगाचं आणि औषधाचं नाव स्वतः घेऊन सांगतेय, तरी आधी 'बरळतेय'.

आता तुम्ही म्हणाल, नर्स अशी कशी वागेल? सांगते.

1989 ची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रात मी एएनएम नर्स होते, नोकरीला चार वर्षं झालेली. बाजाराचा दिवस, ओसरीपर्यंत गर्दी. एक पावरा आदिवासी बाई सासूबरोबर आली, आठवा महिना, तीन तास चालून. तिला मराठी येत नव्हतं. मला पावरीतले 'बस' आणि 'ऊठ' सोडून शब्द येत नव्हते, आणि चार वर्षांत ते शिकावेत असं वाटलंही नव्हतं. ती डोळ्यांकडे बोट करायची, डोळे चोळायची, मग चेहऱ्यासमोर तळवा आडवा हलवायची. मी म्हटलं, चुलीपुढे बसतात, डोळ्यांत धूर गेला असेल. डोळ्यांत घालायचं मलम दिलं. तिने पुन्हा तळवा हलवला. मी पुढच्या बाईला हाक मारली.

बीपीचं यंत्र कपाटात होतं, किल्ली क्लार्ककडे, क्लार्क बाजारात. बरीच वर्षं मी हे असंच सांगत आले. खरं एवढंच की मी किल्ली मागितली नाही. तिच्या जागी तालुक्याच्या मास्तरांची बायको डोळे चोळत आली असती, तर मी शिपायाला पळवलं असतं.

त्या रात्री चौघांनी तिला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणली. झटके येत होते. जीप मिळवून तालुक्याला नेली. ती वाचली, बाळ नाही. सहा महिन्यांनी लसीकरणाच्या दिवशी मोठ्या मुलाला घेऊन आली होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या सिस्टरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती रांग माझ्या रांगेपेक्षा बरीच लांब होती.

म्हणून सेरेनाच्या त्या नर्सवर मी नुसती चिडू शकत नाही. ती कशी चुकली हे मला आतून ठाऊक आहे. समोरची कोण आहे हे आपण आधीच ठरवलेलं असतं आणि तिचं बोलणं त्या ठरवण्यातून गाळून कानात पडतं. 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा निम्म्याजणांना शरीराबद्दलची एखादी तरी खोटी समजूत खरी वाटत होती. काळ्या माणसाची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. असं मानणारे काळ्या रुग्णाचं दुखणं कमी धरत होते आणि उपचारही तसेच सुचवत होते.

हे आलं कुठून? 1840 च्या दशकात अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावी मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर गुलाम बायकांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करायचा, भूल न देता. अडलेल्या बाळंतपणात लघवीची पिशवी फाटून सतत गळती लागलेल्या बायका त्या. अनार्का नावाच्या मुलीवर तीसेक वेळा शस्त्रक्रिया केली. त्याला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून पुतळे मिळाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला पुतळा हलला 2018 च्या एप्रिलमध्ये. दक्षिणेकडच्या गावांमध्ये पिढ्यान् पिढ्या काळ्या सुइणी बाळंतपणं करत आल्या होत्या, गोऱ्यांच्या घरचीसुद्धा. विसाव्या शतकात परवाने आणि नियम लावून त्यांना हळूहळू बाजूला काढलं. आपल्याकडेही सुईण गेलीच, पण इथे निदान मी आणि माझ्यासारख्या आल्या. तिकडे बऱ्याच गावांत तिच्या जागी आपली म्हणावी अशी कुणीच आली नाही.

आणि एक झीज असते. आर्लिन जेरोनिमस या अभ्यासक बाईंनी 1992 मध्ये मांडलं की आयुष्यभर अपमान, धास्ती आणि ओढाताण सोसून शरीर वयाच्या आधी झिजतं. मोटेच्या विहिरीवर दोराने दगडाला पडलेल्या खाचा पाहिल्यात ना, तसं. एखादा दिवस पाहिला तर काही दिसत नाही.

त्यात विमा. तिकडे पाचातली दोन बाळंतपणं मेडिकेड या सरकारी विम्यावर होतात, आणि कित्येकींचा तो विमा बाळंतपणानंतर साठ दिवसांत संपायचा. 2022 पासून राज्यांना तो वर्षभर वाढवता येतो, आणि बहुतेकांनी वाढवलाही. मरणारींपैकी पाचातल्या चौघी वाचवता आल्या असत्या असं तिथल्याच समित्यांनी तपासून सांगितलंय. कॅलिफोर्नियाने 2006 पासून रक्तस्राव झाल्यास लागणाऱ्या सामानाची ढकलगाडी प्रत्येक प्रसूतिगृहात तयार ठेवणं, गेलेलं रक्त अंदाजाने न सांगता मोजणं अशी साधी कामं शिस्तीने केली आणि सात वर्षांत मृत्यू निम्म्यावर आणले. काळ्या-गोऱ्यातली दरी मात्र तेवढ्याने मिटली नाही.

आता तुमच्या लेकीचं. सावळ्या कातडीने बाळंतीण मरत असती तर आपल्या पोरींचा आकडा आधी वर गेला असता. 2023 मध्ये आशियाई वंशाच्या आयांचा आकडा 10.7 होता, गोऱ्यांहूनही कमी. (सुनेला केशर-दूध पाजून नातू गोरा करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) तिकडे प्रश्न कातडीचा नाही, त्या कातडीच्या माणसांशी तो देश चारशे वर्षं कसा वागला याचा आहे. म्हणून लेकीसाठी घाबरू नका, पण बेफिकीरही राहू नका. यावलच्या पत्रातली लक्षणं तिलाही सांगा. नॉर्मल बाळंतिणीला तिकडे दोन दिवसांत घरी सोडतात आणि पुढची तपासणी पुष्कळदा थेट सहाव्या आठवड्यात. मधले दिवस तुम्ही तिथे असलात तर बरं. डिंकाच्या लाडवांबरोबर बॅगेत बीपीचं यंत्रही टाका.

डूला म्हणजे सोबतीण. कळा सुरू असताना पाठ चोळणारी, आणि बाळंतीण बोलायच्या स्थितीत नसेल तेव्हा 'ती काय म्हणतेय ते ऐका' असं म्हणणारी. आपल्याकडे हे काम आई, मावशी, आत्या करतात, म्हणून त्याचं मोल कळत नाही. आणि आपण तरी काय, लेबर रूमच्या दारात त्यांना 'बाहेर थांबा' म्हणतो. 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात सोबतिणीला आत घ्यायची मुभा दिली. मी नोकरीत असताना ते किती पाळलं, ते आत्ता विचारू नका.

प्रश्न : मी धडगावकडच्या एका पाड्यावर आशा आहे. माझ्याकडच्या एका गरोदर बाईला सिकलसेल (रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा जन्मजात आजार) आहे, सातवा महिना. सांधे आणि छाती दुखून ती रात्रभर ओरडत होती. मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथले म्हणाले, 'हे लोक असंच करतात, नाटक आहे.' वर एकजण म्हणाला, 'हिचं बाळंतपणानंतर लगेच ऑपरेशन करून टाका, कटकट नको.' तिला हे पहिलंच मूल आहे. मला त्यांच्यापुढे बोलता येत नाही, घसा सुकतो. काय करू?
– एक आशा

उत्तर : पोरी, घसा सगळ्यांचाच सुकतो. कागद धर हातात, म्हणजे बोलावं कमी लागतं. तिचं सिकलसेलचं कार्ड आणि माता-बाल कार्ड एकाच पिशवीत ठेव. कार्डाच्या मागच्या बाजूला आधीच लिहून ने : दुखणं कधी सुरू झालं, कुठे, ताप किती, लघवी किती वेळा, धाप आहे का. सिकलसेलवाल्या गरोदर बाईची छाती दुखली किंवा धाप लागली तर ते नाटक धरायचंच नसतं. तिथे ऑक्सिजन मोजायचा असतो. बीपी चढायचा, संसर्गाचा धोकाही हिला इतरांपेक्षा जास्त. तिचं पाणी कमी पडू देऊ नकोस, फॉलिक ॲसिड चुकवू नकोस, आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरला विचारूनच दे. बाळंतपण घरी नाही आणि उपकेंद्रातही नाही, जिथे रक्त मिळतं तिथेच. गाडीचं आत्ताच ठरवून ठेव. धडगावचा घाट रात्री कसा असतो ते तुला मी सांगायला नको. नवऱ्याचीही तपासणी करून घे. तो वाहक निघाला, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देणारा, तर बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते.

तू वरचं उत्तर वाचशीलच, म्हणून सांगते. अमेरिकेत सिकलसेल मुख्यतः काळ्या लोकांतच आढळतो, जन्मणाऱ्या 365 काळ्या बाळांमागे एकाला. आणि तिकडचे सिकलसेलचे रुग्ण काय तक्रार करतात माहीत आहे? कळ असह्य होऊन दवाखान्यात गेलं की 'नशेचं औषध मागायला आलाय' असं समजतात. तुमच्या पाड्यावर 'नाटक', तिकडे 'नशा'. रक्तातली पेशी दोन्हीकडे तीच विळ्यासारखी.

ऑपरेशनचं. कटकट कुणाची आहे ते आधी विचार. 1961 मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची शेतमजूर बाई पोटातली गाठ काढायला दवाखान्यात गेली, बाहेर आली ती गर्भाशय गमावून. तिला विचारलंही नव्हतं. पुढे ती मतदानाच्या हक्काची मोठी पुढारी झाली. 1973 मध्ये अलाबामात रेल्फ घराण्यातल्या 14 आणि 12 वर्षांच्या दोघी बहिणींची नसबंदी केली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, इंजेक्शन देणार आहेत असं समजून तिने कागदावर फुली मारली. लांबचं वाटतं? 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली, 13 जणी गेल्या. त्यानंतर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. आणि बीडच्या ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 मध्ये काय काय बाहेर आलं, ते तुमच्याकडून गुजरातेत तोडणीला जाणाऱ्या बायकांनाही कळलं असेल.

1994 साली शिकागोत काळ्या बायकांचा एक गट बसला आणि त्यांनी याविरुद्धच्या मागणीला नाव दिलं. मराठीत त्याला 'प्रजनन न्याय' म्हणतात. शब्द भाषणाला बरा, पाड्यावर चालणार नाही. मी असं सांगते : मूल हवं असेल तर होऊ द्यायचं, नको असेल तर नको म्हणायचं, आणि झालेलं मूल धडधाकट वाढवता आलं पाहिजे, हे तिन्ही बाईच्या हातात हवं. तिसऱ्यात रस्ता येतो, पाणी येतं, अंगणवाडीतला आहार येतो, म्हणून सरकारला ते अवघड जातं.

तुझ्या बाईला एकटीला, सासू नसताना, तिच्या भाषेत विचार. ऑपरेशन नको म्हणाली तर तिच्यासमोर कार्डावर लिही, 'पुढच्या मुलाबाबत निर्णय नंतर'. लिहिलेलं खोडायला हात जरा कचरतात. सिकलसेलमध्ये पुन्हा गरोदर राहायची जोखीम काय, तांबीसारखे उपाय तिला चालतील का, हे डॉक्टरांनी तिला समजावलंच पाहिजे. पण आधी समजावणं, मग तिचं म्हणणं, मग कागद.

आणि तू पावरीत बोलतेस ना? मग 1989 मध्ये माझ्याकडे जे नव्हतं ते तुझ्याकडे आहे. डॉक्टरांना सरळ सांग, 'ती काय म्हणते ते मी सांगते.'

प्रश्न : आम्ही अमळनेरची तरुण मंडळी 11 एप्रिलला फुले जयंती करतो. एकाने सांगितलं की अमेरिकेत काळ्या मातांच्या आरोग्याचा सप्ताहही त्याच तारखेपासून असतो. जुळून आलंय की संबंध आहे? यंदा काही वेगळं करावं म्हणतो.
– जयंती मंडळातला एक

उत्तर : जुळून आलंय, पण छान जुळलंय. तिकडचा सप्ताह 11 ते 17 एप्रिल, 2018 पासून काळ्या बायकांच्याच एका आघाडीने सुरू केला. 11 एप्रिल हा कस्तुरबांचाही जन्मदिवस, म्हणून आपल्याकडे 2003 पासून तो राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन. फुल्यांचं तर तुम्हाला ठाऊकच. 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापताना त्यांनी ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. त्याच्या दहा वर्षं आधी, 1863 मध्ये, ज्या वर्षी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला त्याच वर्षी, पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी गरोदर विधवांसाठी घर उघडलं होतं. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तुमच्या बॅनरवर फुले असतात, सावित्रीबाई असतात, हे घर कधी दिसलं नाही.

वेगळं करायचं तर वर्गणीतून तालुक्यातल्या आशांना बीपीची चांगली यंत्रं द्या. घेताना पट्टे दोन मापांचे मागा. सडपातळ दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा कमी दाखवतो आणि आजारी बाई घरी परत जाते. सेलचा एक जोड जास्तीचा द्या. आणि कार्यक्रमात गरोदर बायकांना पुढच्या खुर्च्या ठेवा. गेल्या वर्षी पुढच्या दोन रांगा पाहुण्यांनी भरल्या होत्या आणि आठवा महिना लागलेली एक पोर मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, मी मागेच होते.